संगणकाचा कंठ : घरचा कीं विकतचा?

भिवंडीच्या ब्राह्मण आळींत आमच्या एका स्नेह्यांचें वडिलोपार्जित घर आहे. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलेंबाळें असा परिवार अद्याप एका चुलीवर जेवतो. गेल्या महिन्यांत त्यांचा निरोप आला कीं, घरांत एक तंटा उपस्थित झाला आहे, तरी एकदां येऊन जावें. एकत्र कुटुंबांतील तंटा म्हटला म्हणजे वांटणी, मधली भिंत, वकिलाची नोटीस असें कांहींबाहीं मनांत येतें. म्हणून आम्ही जरा धास्तावूनच गेलों. जाऊन पाहतों तों वाद संगणकाच्या आवाजाचा! धाकट्या बंधूंचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटल्या वर्षांत शिकतात. त्यांचें म्हणणें असें कीं, संगणकांत मूळचाच बसवून आलेला आवाजाचा भाग कुचकामी असून निराळें साउंड कार्ड विकत घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमच्या स्नेह्यांचें म्हणणें नेमकें उलट. "बोलणाऱ्या यंत्राला पुन्हां वाचा विकत घ्यायची, हें काय गौडबंगाल आहे? मग पहिल्यानें पैसे मोजले ते कशाचे?" असा त्यांचा सवाल. या सदरांतून आम्ही घरोपयोगी यंत्रांविषयीं चार शब्द लिहीत असतों, एवढ्या भांडवलावर उभय पक्षांनीं आम्हांस पंच नेमलें.

भिवंडीसारख्या गांवीं आवाजाच्या शुद्धतेवरून वाद व्हावा, यांत थोडी मौज आहे. यंत्रमागांच्या खडखडाटांत या गांवच्या कित्येक पिढ्या जन्मल्या, शिकल्या आणि झोंपल्या. मागाच्या कारखान्यांत उभें राहिलें तर आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर भरतो, आणि शेजारच्या माणसाशीं कानाला तोंड लावून बोलावें लागतें. अलीकडे पुष्कळ माग मोडींत निघाले. त्याऐवजीं गांवाबाहेर माणकोली, दापोडे, पूर्णा या बाजूंस गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. मुंबईकर घरबसल्या मोबाइलवर जें मागवितो, त्यांतलें पुष्कळसें याच गोदामांतून निघतें. चिरंजीवांनीं पसंत केलेलें कार्डहि घरापासून दोन-तीन कोसांवरच एखाद्या फळीवर पडलेलें असावें. तें घरीं आणण्यास वेळ लागणार नव्हता. आणावें कीं नाहीं, हें ठरण्यासच आठवडा गेला होता.

आधीं संगणकास आवाज कसा फुटतो तें थोडक्यांत पाहूं. संगणक स्वतः मुका आहे; त्याच्या पोटांत केवळ आंकडे. एका सेकंदांत ४४,१०० वेळां आवाजाच्या लाटेची उंची मोजावयाची, आणि ती ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर बसते तें टिपून ठेवावयाचें, ही १९८० सालीं कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं ठरलेली रीत आजहि चालू आहे. हे आंकडे विजेच्या चढउतारांत पालटून स्पीकरकडे धाडण्याचें काम एक चिमुकली चिप करते. आणि बाहेरून आंत येणाऱ्या आवाजाचे आंकडे पाडण्याचें कामहि तीच करते. हीं जाण्याचीं आणि येण्याचीं दोन कामें वाचकांनीं निरनिराळीं ध्यानांत ठेवावीं, कारण सारा घोटाळा त्यांतच होतो. ही चिप मदरबोर्डवरच बसविलेली असली कीं तिला 'बिल्ट-इन' किंवा 'ऑनबोर्ड' म्हणतात. निराळ्या पाटीवर बसवून ती पाटी संगणकाच्या खांचेंत खोंवली कीं झालें साउंड कार्ड. आणि लहानशा डबींत घालून यू.एस.बी.च्या वायरीनें बाहेरून जोडली कीं तिला 'यू.एस.बी. साउंड कार्ड' अथवा जरा ऐटीनें 'ऑडिओ इंटरफेस' म्हणतात.

निराळ्या कार्डाची महती उगाच वाढली नव्हती. १९८१ सालच्या पहिल्या आय.बी.एम. पी.सी.ला जो स्पीकर होता, त्याची मजल शिट्टीपलीकडे फारशी जात नसे. १९८७ सालीं कॅनडांतील अ‍ॅडलिब कंपनीनें यामाहाची चिप घालून संगीताचें कार्ड काढलें. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें 'साउंड ब्लास्टर' काढलें, आणि घरचा संगणक गाऊं-बोलूं लागला. या कंपनीचा आरंभ सिम वाँग हू यांनीं १९८१ सालीं संगणकदुरुस्तीच्या एका दुकानांत केला होता. १९९० नंतरच्या दशकांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून 'मल्टिमीडिया किट' आणणें हा सुशिक्षित घरांतून एक सोहळाच असे, खोक्यांत सी.डी. ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन स्पीकर. त्या काळीं जो कार्ड घेई तो शहाणा ठरे, यांत शंका नाहीं. परंतु १९९७ च्या सुमारास इंटेलनें 'एसी-९७' हें मानक आणलें, २००४ सालीं त्याहून सरस असें 'हाय डेफिनिशन ऑडिओ' आणलें, आणि मदरबोर्ड बनविणाऱ्यांनीं ही चिप पाटीवरच बसविण्याचा प्रघात पाडला. खेकड्याचें चिन्ह असलेल्या तैवानच्या रिअलटेक कंपनीच्या चिपा आज असंख्य संगणकांत बसल्या आहेत. पुढें २००७ सालीं आलेल्या विंडोज व्हिस्टानें खेळांतील आवाजाचें गणित कार्डाकडून काढून मुख्य प्रोसेसरकडे सोंपविलें, तेव्हां कार्डाचें उरलेंसुरलें वतनहि गेलें.

चिरंजीवांनीं आमच्यापुढें आंकड्यांचा तक्ता ठेवला. आवाज आणि त्याच्या पाठीमागची सळसळ यांतील अंतर डेसिबलांत मांडतात. अंतर जितकें मोठें तितकी चिप चांगली. तक्त्यांत कार्डापुढें मोठा आंकडा होता, घरच्या चिपेपुढें लहान. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें कीं, "बाबा, हा फरक ऐकावयास जागा कोठें आहे?" कॉम्पॅक्ट डिस्कच्या रीतीनें नोंदलेल्या गाण्यांत मुळांत हें अंतर सुमारें ९६ डेसिबल. रात्रीं निजानीज झाल्यावरहि घरांत ३० डेसिबलांची कुजबूज असतेच. त्या ३० वर ९६ चढविले तर १२६ होतात, आणि १२० च्या पुढें तर कान दुखूं लागतात. म्हणजे घरांत बसून गाणें ऐकणाऱ्यास साध्या चिपेचे नव्वद-पंचाण्णव डेसिबलहि सारे वापरतां येत नाहींत. शिवाय महागड्या मदरबोर्डांवर येणाऱ्या रिअलटेकच्या एएलसी १२२० या चिपेचा छापील आंकडा १२० आहे; कित्येक कार्डें त्याच्याहून फारशीं पुढें नाहींत. अर्थात् छापील आंकडा चिपेचा असतो, पाटीवर बसलेल्या चिपेचा नव्हे. भोंवतालीं पंखा, वीजपुरवठा, ग्राफिक्सचें कार्ड यांची गर्दी झाली कीं तो उतरतो. कार्डवाल्यांची खरी बाजू काय ती एवढीच.

आणि ती बाजू त्या घरांत प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. माडीवरच्या संगणकावर मधले बंधु जमाखर्च ठेवतात. त्याच्या पुढच्या जॅकमध्यें हेडफोन घातला आणि माउस हलविला कीं कानांत माशी गुणगुणल्यासारखा आवाज येई. चिरंजीवांचा चिपेवरचा सारा राग याच माशीमुळें. आम्हीं पेटी भिंतीपासून ओढली, मागच्या बाजूचा हिरवा जॅक शोधला आणि हेडफोन तेथें घातला. माशी नाहींशी झाली! पुढच्या जॅकाची बारीक वायर पेटीच्या आंत सगळ्या गर्दींतून वळसा घालून जाते, आणि वाटेंत नको तें उचलते. मागचा जॅक चिपेला लागूनच असतो. ज्यांच्या संगणकांत माशी आहे, त्यांनीं पैसे खर्चण्यापूर्वीं पेटी फिरवून पाहावी.

मग एक लहानशी परीक्षा झाली. आम्हीं आपल्या पिशवींतून एक यू.एस.बी. डबी काढली. एकच गाणें एकदां घरच्या चिपेतून, एकदां डबींतून वाजविलें. ऐकणाऱ्यांनीं संगणकाकडे पाठ करून बसावें आणि कोणतें कोणाचें तें कागदावर लिहावें. दोहोंचा आवाज अगदीं सारखा लावून घेतला, कारण किंचित् मोठें वाजणारें यंत्र नेहमीं उत्तम वाटतें, ही दुकानदारांना ठाऊक असलेली खुबी आहे. घरांतील सहा माणसें बसलीं. कोणाचेंहि उत्तर छापाकांट्याहून बरें उतरलें नाहीं. धाकट्या वहिनींनीं तर, "मला दोन्ही वेळां कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकूं आल्या," असा शेरा लिहून दिला. ज्यांच्याजवळ अधिक जोर मागणारे, तीनशें ओहमचे वगैरे हेडफोन आहेत त्यांची गोष्ट निराळी. बाकीच्यांनीं गाणीं, चित्रपट आणि बातम्या ऐकण्यासाठीं कार्ड घेऊं नये.

आमच्या स्नेह्यांनीं विजयी मुद्रेनें पानाचा डबा पुढें केला. परंतु चिरंजीव उठून गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. त्यांत अकरा कॅसेटी होत्या.

स्नेह्यांच्या मातोश्री १९९४ सालीं निवर्तल्या. त्यापूर्वीं सात वर्षें, १९८७ च्या उन्हाळ्यांत, मधल्या बंधूंनीं बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर माजघरांत ठेवून त्यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या, हळदीचीं गाणीं आणि माहेरच्या आठवणी बोलून घेतल्या होत्या. चिरंजीवांनीं आजीला पाहिलेलें नाहीं. त्या कॅसेटी संगणकांत उतरवून घ्याव्या, हें त्यांनीं कोणास न सांगतां मनावर घेतलें होतें, आणि साउंड कार्डाचा हट्ट होता तो यासाठीं. "काका, मला गाणीं ऐकायला नको होतं तें," एवढेंच ते म्हणाले. आमचे स्नेही क्षणभर गप्प बसले. आम्हांसहि आपली परीक्षा जरा पोरकट वाटली.

कारण ऐकणें आणि उतरवून घेणें या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. माडीवरचा संगणक गुणगुणतो म्हणून चिरंजीवांनीं तो सोडला, आणि आपल्या लॅपटॉपला टेपरेकॉर्डर जोडला. बहुतेक लॅपटॉपांस आतां हेडफोन व मायक मिळून एकच जॅक असतो. त्यांतला मायकचा मार्ग म्हणजे नाजूक कान. मायकाकडून येणारा विजेचा दाब कांहीं मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतका असतो, आणि तो मोठा करून घेण्याची सोय आंत केलेली असते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जॅकांतून निघणारा दाब त्याच्या कैक पटींनीं अधिक. कुजबूज ऐकण्यास टेंकलेल्या कानांत कोणीं ओरडावें तसें होतें. लाटांचे माथे सपाट कापले जातात, आवाज फाटतो. आणि एकदां कापलेला माथा कितीहि कुशल माणसानें मागाहून चिकटवूं म्हटलें तरी तो अंदाजच ठरतो. त्यांतून तो मार्ग एकेरी. कॅसेटीच्या दोन वाहिन्यांपैकीं एकीचाच आवाज आंत येतो, दुसरी वाया जाते.

चिरंजीवांनीं चार कॅसेटी अशा उतरविल्या. चौथी उतरवीत असतां जुन्या यंत्रानें फीत गिळली. रुळांत गुंडाळून ती इतकी चुरगळली कीं सोडवून, सरळ करून पुन्हां लावली तरी मधलीं सहा-सात मिनिटें केवळ खरखर उरली. त्या मिनिटांत मातोश्रींनीं आपण नवी नवरी होऊन या घरांत प्रथम आलों त्या दिवसाची हकीकत सांगितली होती. ती आतां आहे ती फक्त चिरंजीवांच्या त्या फाटक्या प्रतींत. शब्द समजतात, आवाज त्यांचा वाटत नाहीं, असें मधले बंधु म्हणाले. हें सांगतांना त्या मुलाचे डोळे भरून आले होते, आणि कार्ड असतें तर असें झालें नसतें, या एकाच विचारानें त्यानें घर डोक्यावर घेतलें होतें.

येथें आमच्यावर पंचाचें काम खऱ्या अर्थानें आलें. कार्ड असतें तरी फीत गिळली गेलीच असती. फीत गिळते ती जुना रबराचा रूळ आणि सैल पट्टा यांमुळें. मात्र आवाज फाटला नसता, हें खरें. पण त्यासाठीं कार्डाची जरूर नव्हती! माडीवरच्या संगणकाच्या मागें हिरव्या जॅकाशेजारीं एक निळा जॅक होता. हिरवा बाहेर जाणाऱ्या आवाजाचा, गुलाबी मायकचा आणि निळा 'लाइन-इन', म्हणजे टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राकडून येणारा भरदार आवाज घेण्याचा. ही रंगांची खूण मेजावरच्या संगणकांस वर्षानुवर्षें चालत आली आहे. इतकीं वर्षें तो निळा जॅक भिंतीकडे तोंड करून धूळ खात होता.

साध्या चिपेच्या या मार्गाची कुवत ९० डेसिबलच्या आसपास असते. बाहेर जाणाऱ्या मार्गापेक्षां आंत येणारा मार्ग बहुधा उणा असतो, हा आक्षेप बरोबर आहे. पण कॅसेट ती काय? फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं ती काढली तेव्हां ती बोलणें टिपून ठेवण्यासाठींच होती. डॉल्बीची मदत नसेल तर तिचें अंतर पन्नास-पंचावन्न डेसिबलांवर सहसा जात नाहीं. पन्नास शेरांचें धान्य मापावयास नव्वद शेरांचें माप पुरतें. एकशेंवीस शेरांचें आणल्यानें दाणा वाढत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कामास लागलों. ज्यांच्या घरीं असे डबे असतील त्यांच्या उपयोगासाठीं तपशील देतों. प्रथम टेपरेकॉर्डर बदलला. शेजारच्या आळींतून एक बरा डेक मागून आणला, त्याचे पट्टे बदलून घेतले, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें कापूस बुडवून त्याचें हेड व रूळ पुसले. कापूस काळाकुट्ट निघाला. या एका पुसण्यानें आवाजांत जो उजळपणा आला तो जगांतील कोणत्याहि कार्डानें आला नसता, असें आम्ही प्रतिज्ञेवर सांगतों. कॅसेट लावण्यापूर्वीं ती पेन्सिलीनें थोडी फिरवून सैल आहे काय तें पाहावें, आणि फितीच्या पाठीमागची लोकरीची बारीक गादी शाबूत आहे काय तेंहि पाहावें. ती गळून पडली असेल तर आधीं जाणत्याकडून बसवून घ्यावी.

जोडणी होतांच स्पीकरमधून 'हूंऽऽ' असा सूर सुरू झाला. आपल्याकडील वीज सेकंदास ५० फेरे घेते. डेक एका खोलींतील प्लगवर आणि संगणक दुसऱ्या खोलींतील प्लगवर असला कीं दोघांच्या अर्थिंगमधील फरक वायरींतून वाहूं लागतो व असा घुमतो. दोन्हीं यंत्रें एकाच बोर्डावर आणतांच तो बंद पडला. लॅपटॉप वापरणाऱ्यांनीं चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावें. घुमणें थांबलें तर चिप निर्दोष आहे, दोष घरच्या वायरिंगचा. बाहेरची महागडी डबी जोडूनहि हा सूर पुष्कळदां तसाच राहतो, आणि मग लोक डबीला शिव्या देतात.

ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम आम्ही वापरतों. त्यांत आवाजाची पट्टी अशी लावावी कीं, सर्वांत मोठा सूरहि टोंकाच्या सहा डेसिबल खालींच राहील. प्रत साठवावी ती 'वेव्ह' स्वरूपांत; 'एम.पी. थ्री' करून वांटण्यास हरकत नाहीं, पण मूळ ठेव म्हणून तें ठेवूं नये. एका तासाच्या आवाजास सुमारें ६३५ मेगाबाइट लागतात, म्हणजे अकरा कॅसेटींस सात गिगाबाइट. हल्लीच्या पेन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यांत तें मावतें. प्रती तीन कराव्या आणि तीन घरीं ठेवाव्या. एकत्र कुटुंबास ही गोष्ट जरा अवघड; या घरानें एक प्रत ठाण्यास दिलेल्या लेकीकडे धाडली.

चिरंजीवांच्या पहिल्या प्रतींत आणखी एक चमत्कार होता, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या प्रतींत मातोश्रींच्या शब्दांचीं टोंकें खुडल्यासारखीं लागत, ओवीच्या शेवटचा लांबविलेला सूर मध्येंच मालवे, आणि जात्याची घरघर तर मुळींच नव्हती. ही करामत चिपेची नसून तिच्याबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरची. बैठकींत बोलणाऱ्याचें बोलणें स्पष्ट यावें म्हणून पंख्याचा, रहदारीचा, एकसुरी चालणारा कोणताहि आवाज कचरा समजून गाळण्याची त्यांत योजना असते. 'नॉइज सप्रेशन', 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' अशीं तिचीं नांवें. जातें एकसुरी, म्हणून तें कचरा! २०२० सालीं टाळेबंदींत गायनाचे वर्ग झूमवर भरूं लागले, तेव्हां गुरूंच्या तंबोऱ्याचीहि हीच गत झाली. तंबोरा अखंड एका सुरांत वाजतो, हाच त्याचा गुण. यंत्रानें तोच गुन्हा मानला, आणि शिष्यांस कधीं तंबोरा ऐकूं येई, कधीं तो बुडे. 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय चालू केल्यावर तो परत येतो. या घरांतील एक मुलगी पुण्याच्या बाईंकडे अजून तसेंच शिकते, आणि तिच्याकडेहि हा दोष सांपडला. तिच्यासाठीं साउंड कार्डाची चौकशी चालली होती; एका खुणेवर बोट ठेवतांच काम झालें.

जात्याची घरघर हा कचरा नव्हे, हें महाराष्ट्रांत निराळें सांगावयास नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं पुण्यास बसून खेडोपाडींच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. बर्नार्ड बेल यांनीं त्यांचें १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलें, आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेनें तें लोकांपुढें आणलें आहे. त्यांनीं बायकांच्या गळ्याइतकीच त्यांच्या गांवाची, जातीची, दिवसाची नोंद ठेवली. आमच्या स्नेह्यांच्या डब्यावर नुसतें 'आई १' ते 'आई ११' एवढेंच होतें. मधल्या बंधूंस आठवलें तेवढें आम्हीं त्या दिवशीं लिहवून घेतलें.

आतां निवाडा. मेजावरचा संगणक असेल आणि त्यास निळा जॅक असेल, तर कॅसेटी व टेप उतरविण्यास कांहींहि घेऊं नये. लॅपटॉप असेल, तर आंत खोंवण्याचें कार्ड त्यांत बसतच नाहीं. तेव्हां स्पष्ट 'लाइन-इन' लिहिलेली लहानशी यू.एस.बी. डबी घ्यावी. नुसत्या मायकच्या जॅकाची जी स्वस्त डबी मिळते ती नको. तिनें पुन्हां आवाज फाटावयाचा. आणि घरांत कोणी गाणारें, कीर्तन करणारें, पुस्तक वाचून दाखविणारें असेल, मायकापुढें बसून नवें ध्वनिमुद्रण करावयाचें असेल, तर मात्र घरच्या चिपेवर काटकसर करूं नये. चांगल्या कंडेन्सर मायकास ४८ व्होल्टांची वीज लागते. ती घरची चिप देत नाहीं, आणि खेळांसाठीं विकलीं जाणारीं बहुतेक कार्डेंहि देत नाहींत. त्यासाठीं मायकची सोय असलेला बाहेरचा ऑडिओ इंटरफेसच घ्यावा. पेटींत खोंवण्याचें कार्ड घेण्यास सबळ कारण आज आम्हांस क्वचितच दिसतें. चिरंजीवांचें कार्ड रद्द झालें. त्या पैशांतून गाणाऱ्या मुलीसाठीं असा एक इंटरफेस आणि मायक घ्यावा, असें आम्हीं सुचविलें. चिरंजीवांनीं ते आनंदानें मान्य केलें. आमच्या स्नेह्यांनींहि मान्य केलें, परंतु पहिली पसंती ज्येष्ठ पक्षाचीच होती, असें कागदावर नोंदवून घेऊन.

संध्याकाळीं पांचवी कॅसेट उतरत होती. निळ्या जॅकांतून, एन्हान्समेंट्स बंद करून. मातोश्री ओव्या म्हणत होत्या, खालीं जात्याची घरघर, आणि या दोहोंच्या पाठीमागें, दूरवर पण अखंड, मागांचा खडखडाट. चिरंजीवांनीं विचारलें, "काका, मागांचा आवाज काढून टाकूं का? सॉफ्टवेअरनं बराचसा जाईल." कोणी उत्तर देण्यापूर्वींच टेपवरचे माग एकदम थांबले. वीज गेली होती, त्या दिवशींची, १९८७ सालची. टेपरेकॉर्डर बॅटरीवर म्हणून चालू राहिला. जातेंहि थांबलें. माजघरांत इतकी शांतता झाली कीं बाहेरच्या कावळ्याचा आवाज आला. "गेली वाटतं वीज," मातोश्री म्हणाल्या, आणि जातें पुन्हां सुरू झालें.

आमच्या स्नेह्यांनीं हात वर करून पुतण्यास कळावर बोट ठेवूं दिलें नाहीं. "असूं दे रे तसंच," ते म्हणाले. पुढें मिनिटभरानें माग एकेक करून पुन्हां चालू झाले, आणि कोणता कोणाचा तें दोघे भाऊ हळू आवाजांत एकमेकांस सांगत बसले.